मुलाखतीस सामोरे जाताना
(नोकरीच्छू उमेदवारांच्या मार्गदर्शन वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

लेखी परीक्षेची धास्ती अभ्यासाने ओसरते. तिला पाठ्यक्रम असतो, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात, किती वाचून झाले आणि किती उरले याचा हिशेब उमेदवाराला ठेवता येतो. मुलाखतीच्या बाबतीत असा हिशेब लागत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणूनच लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला, आपल्या विषयात पारंगत असलेला तरुणही मुलाखतीचे पत्र हाती पडताच गांगरून जातो. मग सल्ला देणारे भेटतात. कोणी सांगतो की तेथे केवळ छाप पाडावयाची असते. कोणी म्हणतो, इंग्रजी फाडफाड बोलता आले म्हणजे काम फत्ते. आणि एखादा अनुभवी म्हणविणारा गृहस्थ आवाज खाली आणून सांगतो की हे सारे आधीच ठरलेले असते, मुलाखत केवळ देखाव्यापुरती. या तीन सल्ल्यांपैकी शेवटच्याचा विचार प्रथम करावयास हवा. कारण त्यावर ज्याचा विश्वास बसला, तो तयारी करीतच नाही.

मुलाखतीविषयीचा संशय सर्वस्वी निराधार होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश देताना लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण ठेवलेले होते. प्रत्येक विद्यार्थ्याची मुलाखत दोनतीन मिनिटांत आटोपत असे आणि तीतही वडील कोण, राहणे कोठे, असेच प्रश्न विचारले जात, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी न्यायालयात गेले. अजय हासिया खटला या नावाने तो प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिलेल्या निर्णयात असे म्हटले की अशा प्रवेशासाठी एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला ठेवणे हे मनमानीचे ठरेल. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, अशी सूचनाही न्यायालयाने केली. पुढे १९८५ साली हरियाणाच्या नागरी सेवेतील भरतीसंबंधीच्या खटल्यात सर्वसाधारण उमेदवारांसाठी ही मर्यादा १२.२ टक्के असावी, असे न्यायालयाने सांगितले. नंतर केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखतीची पद्धतच बंद केली.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य उमेदवाराच्या दृष्टीने एवढेच की, मुलाखत आज जेथे उरली आहे तेथे तिचे वजन मर्यादित केलेले आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम यादी २,०२५ गुणांची होते. त्यांपैकी १,७५० गुण मुख्य लेखी परीक्षेचे आणि २७५ गुण मुलाखतीचे असतात. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकारी भरतीत लेखी व मुलाखत यांचे प्रमाण ८० आणि २० असे धरले जाते. परंतु मर्यादित वजन म्हणजे नगण्य वजन नव्हे. यादीत लेखी गुणांनी एकमेकांना खेटून बसलेले उमेदवार पुष्कळ असतात. त्यांच्यात दहावीस गुणांच्या फरकाने कोणाला नियुक्तिपत्र मिळते आणि कोणाला पुन्हा वर्षभर अभ्यासाला बसावे लागते.

आणखी एक गोष्ट. सरकारी नोकरी मिळवून देतो असे सांगून पैसे उकळल्याच्या तक्रारींवरून गोव्यात २०२४ साली पोलिसांनी अनेकांना अटक केली. त्या प्रकरणांत ज्यांची फसवणूक झाली त्यांत दागिने मोडून, कर्ज काढून पैसे उभे करणारी साधी कुटुंबे नसतीलच, असे कोणी म्हणू शकणार नाही. सारे आधीच ठरलेले असते, हा समज म्हणजेच अशा दलालांचे भांडवल होय. जो उमेदवार पैसे मागणाऱ्याला दारातून परत पाठवितो आणि तेवढा वेळ आपल्या तयारीला देतो, तो स्वतःचे आणि घरच्यांचे फार मोठे नुकसान टाळतो.

आता तयारीकडे वळावयाचे. मुलाखतीला पाठ्यक्रम नसतो, हा समज वर आला आहे. तो चुकीचा आहे. मुलाखतीचा पाठ्यक्रम असतो, आणि तो उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहून, खाली सही करून, मंडळाकडे पूर्वीच धाडलेला असतो. तो म्हणजे त्याचा अर्ज. संघ लोकसेवा आयोगाच्या सविस्तर अर्जात जन्मस्थान, शाळा, महाविद्यालय, आईवडिलांचा व्यवसाय, छंद, खेळ, पारितोषिके, पूर्वीची नोकरी, सेवांचा पसंतीक्रम असे सर्व काही भरावे लागते. मंडळाच्या अध्यक्षांसमोर आणि सदस्यांसमोर उमेदवाराचे लेखी गुण नसतात. हा अर्ज असतो. सैन्यदलांच्या निवड मंडळातही मुलाखत घेणारा अधिकारी उमेदवाराने भरून दिलेल्या माहितीपत्रकावरूनच प्रश्नांना आरंभ करतो. खाजगी कंपनीत हेच काम बायोडेटा करतो. तेव्हा मुलाखतीतील पहिला प्रश्न कोठून येणार हे उमेदवाराला ठाऊक असते. दुर्दैवाने तो अर्ज पाठविल्यानंतर पुन्हा वाचणारे उमेदवार थोडे.

एखाद्याने छंदाच्या रकान्यात 'वाचन' असे लिहिले. हा शब्द लिहावयास एक क्षण पुरतो. पण गेल्या सहा महिन्यांत कोणते पुस्तक वाचले, त्यातील कोणते म्हणणे पटले नाही, त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक का वाचले नाही, अशा तीन प्रश्नांत तो छंद खरा की रकाना भरण्यापुरता, हे उघडे पडते. गिर्यारोहण लिहिणाऱ्या उमेदवाराने आयुष्यात एकच टेकडी चढलेली असते. तो खोटा नसतो. वजनदार काहीतरी लिहावे असे त्याला वाटलेले असते. परंतु खोट्या वजनाखाली प्रथम त्याचा स्वतःचाच आत्मविश्वास दबतो, कारण त्या रकान्याला स्पर्श होऊ नये म्हणून तो मुलाखतभर जपून बसतो.

उलट खरी संपत्ती अर्जात येतच नाही. गोव्यातील कित्येक गावांत जत्रेला मराठी नाटक होते आणि त्यात गावचीच मुले कामे करतात. एखाद्या उमेदवाराने अशा नाटकांत पाच वर्षे भाग घेतलेला असतो, एका वर्षी वर्गणी जमविण्याची जबाबदारी अंगावर घेतलेली असते, ऐन वेळी आजारी पडलेल्या नटाची भूमिका दोन दिवसांत पाठ केलेली असते. हे सर्व त्याला अर्जात लिहिण्यासारखे वाटत नाही. वस्तुतः माणसे एकत्र आणणे, भांडणे मिटविणे, हिशेब चोख देणे आणि वेळेवर पडदा वर करणे, हे ज्याने केले त्याच्याजवळ प्रशासकीय कामाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. भजनी मंडळात पखवाज वाजविणारा, फुगडीच्या पथकाची तालीम घेणारी, पंचायतीच्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकविणारा, यांनी आपले काम अर्जात आणावे आणि त्याविषयी विचारले जातील असे दहा प्रश्न स्वतःच लिहून काढावेत. नाटकाची निवड कोण करते? स्त्रियांच्या भूमिका पूर्वी कोण करीत असे, आज कोण करते? प्रेक्षक कमी झाले काय, आणि का?

आईवडिलांच्या व्यवसायाविषयी हेच म्हणता येईल. 'शेती' एवढाच शब्द लिहून पुढे सरकणारा उमेदवार प्रश्न आला की संकोचतो. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातील घरची काजूची बाग असेल तर झाडे किती, गेल्या मोसमात बियांना काय दर मिळाला, तो आदल्या वर्षीपेक्षा कमी का आला, बोंडूंच्या रसातून प्रथम हुर्राक आणि पुन्हा उकळून फेणी कशी निघते, गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले त्याचा बागायतदाराला लाभ झाला की बाटली विकणाऱ्याला, या सर्वांची उत्तरे त्याच्या घरातच आहेत. वडिलांबरोबर एक संध्याकाळ बसावे, वही काढावी आणि विचारावे. असे बसल्यावर पुष्कळ मुलांना आपल्या घरच्या धंद्याविषयी पहिल्यांदाच नीट कळते, हा या तयारीचा एक अनपेक्षित लाभ होय. कुळागर असणाऱ्याने सुपारीची, होडी असणाऱ्याने मासळीची, टॅक्सी चालविणाऱ्याच्या मुलाने पर्यटनाची माहिती अशीच घ्यावी.

जन्मस्थानाचा रकानाही असाच बोलका आहे, विशेषतः महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांतील उमेदवारांच्या बाबतीत. वडोदऱ्याच्या उमेदवाराला महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे ठाऊक असावयास हवे. हैदराबादच्या उमेदवाराला १७ सप्टेंबर १९४८ चे महत्त्व सांगता यावे. इंदूरच्या उमेदवाराला होळकरांचा इतिहास येत असेल, पण २०१७ पासून राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळविणाऱ्या आपल्या शहरात ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा कसा गोळा केला जातो, हे तो पाहत असूनही सांगू शकत नाही, असे होऊ नये. गोव्याच्या उमेदवाराला दिल्लीत समान नागरी कायद्याविषयी विचारले जाण्याचा संभव मोठा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कुटुंबविषयक भाग गोव्यात मुक्तीनंतरही चालू राहिला. त्यात विवाहानंतर पतिपत्नींच्या मालमत्तेची स्थिती काय असते, हे त्याने आपल्या घरातील एखादा दस्तऐवज पाहून समजून घेतलेले बरे. ज्या कायद्याखाली आपण जन्मलो तो दिल्लीच्या सदस्यांनी आपल्याला समजावून सांगावा, ही काही शोभादायक गोष्ट नव्हे.

अर्जानंतर पदाचा विचार. ज्या पदासाठी मुलाखत आहे त्या पदावरील माणूस सकाळी कार्यालयात येऊन संध्याकाळपर्यंत काय करतो, हे उमेदवाराला माहीत असते काय? पुष्कळदा नसते. मामलेदाराच्या पदासाठी जाणाऱ्याने १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा वाचलेला असावा, हे उघड आहे. पण भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार आपले नाव नोंदविण्यासाठी कार्यालयात कोणते कागद घेऊन येतो आणि त्याचे प्रकरण कशाने लांबते, हे पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी एक दिवस कार्यालयाच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलावे लागते. आरोग्य खात्यातील पदासाठी जाणाऱ्याने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, बँकेसाठी जाणाऱ्याने एखाद्या ग्रामीण शाखेत, असाच एक दिवस घालवावा. या एका दिवसाने जे बळ येते ते मार्गदर्शक पुस्तकाच्या शंभर पानांनी येत नाही.

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो मतांच्या प्रश्नांत. आयोगाने आपल्या परीक्षेच्या अधिसूचनेत मुलाखतीचे स्वरूप स्पष्ट केलेले आहे. ती उलटतपासणी नसून स्वाभाविक, परंतु हेतुपूर्वक चालविलेले संभाषण असते. लेखी परीक्षेत तपासलेले ज्ञान पुन्हा तपासणे हा तिचा उद्देश नाही. मनाची तरतरी, विचारांची सुसंगत मांडणी, निर्णयातील समतोल, आवडीनिवडींची खोली आणि बौद्धिक व नैतिक प्रामाणिकपणा पाहावयाचा असतो. हे शब्द वाचताना गुळगुळीत वाटतात. एक उदाहरण घेतले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो.

म्हादई नदी कर्नाटकातील खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. तिच्या पाणीवाटपासाठी २०१० साली लवाद नेमण्यात आला. ऑगस्ट २०१८ मधील निवाड्याने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी देऊ केले. राज्यांनी या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. आता याच नदीविषयी सत्तरीच्या उमेदवाराला आणि खानापूरच्या मराठी उमेदवाराला एकाच दिवशी प्रश्न आला असे समजावे. पहिल्याला वाटते, गोव्याची बाजू लढविली नाही तर गावाशी द्रोह होईल. दुसऱ्याला वाटते, मलप्रभेच्या खोऱ्यातील तहानलेल्या गावांची बाजू सोडता येत नाही. दोघांनीही वकिली सुरू केली तर मंडळाला काय कळले? एवढेच की उमेदवार कोठला रहिवासी आहे. आणि ते अर्जात लिहिलेलेच होते.

सत्तरीच्या उमेदवाराने गोव्याचे म्हणणे ठामपणे मांडावे. पाणी वळविल्यास नदीत खारे पाणी किती आत येईल, अभयारण्यावर काय परिणाम होईल, ही भीती खरी आहे. पण त्यापूर्वी दोन वाक्यांत त्याने मलप्रभेकडील गावांची गरज काय आहे हे अशा रीतीने सांगावे की खानापूरचा माणूसही म्हणेल, होय, आमचे म्हणणे हेच. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडता येणे, यालाच समतोल म्हणतात. मत नसणे म्हणजे समतोल नव्हे. "दोन्ही बाजूंचा विचार करून योग्य तो निर्णय घ्यावा," हे वाक्य मुलाखतीत इतक्यांदा उच्चारले जाते की त्याला आता काही अर्थ उरलेला नाही.

डिचोली किंवा सांगे भागातील उमेदवाराला खाणींविषयी असाच प्रश्न येतो. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१४ साली न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द ठरवून मार्चपासून काम पुन्हा बंद झाले. ज्याच्या घरचा ट्रक तेव्हा अंगणात उभा राहिला, त्याने ते सांगण्यास लाजू नये. मात्र त्याच गावातील ज्याच्या शेतात खाणीचा गाळ आला, त्याचीही आठवण त्याने ठेवावी. दोन्ही माणसे त्याला ओळखीची आहेत, हेच त्याचे बळ.

यानंतर न येणाऱ्या प्रश्नांची गोष्ट. उमेदवाराच्या भीतीचे मूळ येथे आहे. प्रश्न आला आणि उत्तर येत नसले तर? उत्तर येत नसेल तर तसे सांगावे. हे वाक्य सर्वांनी ऐकलेले असते. पण ते वेळेवर, स्पष्ट आवाजात आणि अपराधी चेहरा न करता म्हणण्याचा सराव कोणी केलेला नसतो. समजा, अध्यक्षांनी विचारले, "म्हादई लवादाने गोव्याला किती पाणी दिले?"

"चोवीस टीएमसी, महोदय."

"आणि महाराष्ट्राला?"

"तो आकडा आता आठवत नाही. तो लहान आहे, कर्नाटकाच्या वाट्याहून पुष्कळच कमी, एवढे निश्चित सांगता येईल."

या उत्तरात काय नाही? अज्ञान लपविलेले नाही आणि जेवढे माहीत आहे तेवढे टाकूनही दिलेले नाही. माहितीची सीमा कोठे आहे हे उमेदवाराने स्वतःच दाखवून दिले. उलट एखाद्याने ठोकून दिले, "पाच टीएमसी," तर पुढला प्रश्न त्या पाचावर येतो, त्याला सावरण्यासाठी दुसरी थाप लागते, आणि मंडळात त्या विषयाचा एखादा जाणकार बसलेला असतोच. एक आकडा न आल्याने फारसे बिघडत नाही. थाप मात्र अर्जातील प्रत्येक ओळीवर संशयाची सावली पाडते. अंदाज करावयाचा असल्यास तो अंदाज आहे असे सांगून करावा. प्रश्न समजला नसेल तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी. त्यात कमीपणा नाही.

भाषेचा प्रश्न मराठी उमेदवारांना फार छळतो. येथे माहितीचा अभावच अधिक आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत ज्याने मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली तो मुलाखत मराठीतून, हिंदीतून किंवा इंग्रजीतून देऊ शकतो. इंग्रजीतून लेखी परीक्षा देणाऱ्यालाही, सक्तीच्या भारतीय भाषेच्या प्रश्नपत्रिकेसाठी मराठी घेतली असेल तर, मुलाखतीसाठी मराठी निवडण्याची मुभा आहे. मराठी निवडल्यास दुभाषी असतो. तेव्हा वाक्ये आखूड ठेवावीत, एक मुद्दा संपला की क्षणभर थांबावे, म्हणजे दुभाष्याला तो नीट पोहोचविता येतो. आणि मराठी निवडून प्रत्येक वाक्यातील अर्धे शब्द इंग्रजी वापरण्यात काही हशील नाही. 'चलनवाढ', 'राजकोषीय तूट', 'विकेंद्रीकरण' हे शब्द तोंडात बसावेत म्हणून महिनाभर मराठी अग्रलेख मोठ्याने वाचावेत. बोलण्यात कोकणी हेल आला, इंदुरी वळण आले, तर त्याची फिकीर करू नये.

राज्यांच्या सेवांचे मात्र निराळे आहे. गोव्यातील पदांच्या भरती नियमांत सामान्यतः कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानलेले असते. कर्नाटकाच्या सेवेत जाणाऱ्या बेळगावच्या उमेदवाराला कन्नड, गुजरातच्या सेवेत जाणाऱ्या वडोदऱ्याच्या उमेदवाराला गुजराती नीट यावयास हवी. ज्या लोकांची कामे करावयाची त्यांची भाषा येणे ही पदाचीच गरज होय. मातृभाषेचा अभिमान आणि राज्याच्या भाषेचे ज्ञान यांत विरोध मानण्याचे कारण नाही. आणि इंग्रजीतून मुलाखत देणे भागच असेल तर साधी, छोटी, व्याकरणशुद्ध वाक्ये पुरतात. अवघड शब्दाच्या मागे धावून वाक्य मध्येच तुटण्यापेक्षा ते बरे.

पोशाख, कागदपत्रे, वेळ यांविषयी फार बोलण्याची गरज नाही. कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले आणि पूर्वी एकदा तरी अंगावर घातलेले असावेत; नवे बूट त्याच दिवशी काढू नयेत. मूळ प्रमाणपत्रे आदल्या रात्री क्रमाने लावावीत. अंतर दूरचे असल्यास आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे. हातपाय थरथरणे, घसा कोरडा पडणे हे होणारच. थोडा वेळ शरीर ऐसपैस ठेवून रुबाबदार पवित्रा घेतल्याने शरीरातील संप्रेरके बदलतात आणि माणूस धीट होतो, असे एक संशोधन २०१० साली गाजले होते. २०१५ साली अधिक लोकांवर तोच प्रयोग केला तेव्हा संप्रेरकांवरील तो परिणाम आढळला नाही. त्यापेक्षा ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग उपयोगी वाटतात. भाषणापूर्वी स्वतःला 'मी शांत आहे' असे बजावणाऱ्यांपेक्षा 'मी उत्सुक आहे' असे म्हणणाऱ्यांचे काम सरस झाले. धडधडणारे हृदय शांत असल्याची बतावणी करण्यापेक्षा त्या धडधडीला उत्सुकता मानणे सोपे जाते, हे अनुभवालाही पटण्यासारखे आहे.

खाजगी कंपन्यांत अलीकडे सर्व उमेदवारांना तेच ठराविक प्रश्न विचारून ठराविक निकषांवर गुण देण्याची पद्धत वाढली आहे. तिला आधारही आहे. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली तेव्हा पुढील कामाचा अंदाज देणाऱ्या साधनांत अशी बांधीव मुलाखत अग्रस्थानी आली. या पद्धतीत 'तुम्ही काय कराल' यापेक्षा 'तुम्ही काय केलेत' असा प्रश्न येतो. वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केले? एखादे काम फसले तेव्हा कसे सावरले? यासाठी स्वतःच्या आयुष्यातील सहासात खरे प्रसंग निवडून, परिस्थिती काय होती, स्वतःवर जबाबदारी कोणती होती, नेमके काय केले आणि त्याचे फळ काय आले, हे दोन मिनिटांत सांगण्याची सवय करावी. 'आम्ही केले' असे म्हणताना त्यात स्वतःचा वाटा कोणता, हे सांगण्यास मराठी माणूस फार संकोचतो. तो संकोच येथे आवरावा. मुलाखत व्हिडिओवरून असेल तर प्रकाश समोरून यावा, नेटवर्क आदल्या दिवशी त्याच जागी बसून तपासावे आणि घरातील कुकरची शिटी त्या अर्ध्या तासापुरती थांबवावी.

शेवटी सराव. त्यासाठी शहरातील महागड्या वर्गांतच जावे लागते असे नाही. गावात निवृत्त मुख्याध्यापक असतात, बँकेतून सेवानिवृत्त झालेल्या बाई असतात, एखादे वकील असतात. अशा तिघांना विनंती करून, अर्जाची एकेक प्रत त्यांच्या हाती देऊन, टेबलापलीकडे बसवावे. 'काका' आणि 'ताई' ही संबोधने त्या अर्ध्या तासापुरती बाजूला ठेवून त्यांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणावे, आणि त्यांनीही ओळख विसरून विचारावे. नात्यातल्या माणसांनी मात्र मंडळात बसू नये; ती एक तर फार कौतुक करतात, नाही तर फार रागावतात. हे संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी एकट्याने ऐकावे. ऐकवत नाही, पण ऐकावे. कोठे उत्तर प्रश्नाआधीच सुरू झाले, कोठे एकच शब्द दहा वेळा आला, कोठे माहीत नसताना आवाज चढला, हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज राहत नाही. असे तीन सराव पुरेत. त्याहून अधिक झाले की उत्तरे पाठ होऊ लागतात, आणि पाठ केलेले उत्तर मंडळाला पहिल्या वाक्यातच ओळखू येते.

खरी मुलाखत झाल्यावर, त्याच संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये किंवा गाडीत बसल्याबसल्या, विचारलेले सर्व प्रश्न आणि दिलेली उत्तरे आठवतील तशी वहीत उतरवून ठेवावीत. गुण किती मिळतील याचा अंदाज करीत बसू नये; तो क्वचितच बरोबर येतो. निवड झाली तर ती वही गावातील पुढच्या उमेदवाराला द्यावी. न झाली तर पुढील पत्र आल्यावर प्रथम तीच उघडावी.